आठ महिने, अकरा वेळा आणि पास्त्यातली कणी

गेल्या रविवारी आमच्या नेहमीच्या इटालियन हॉटेलात बिलावरून वाद झाला नसता तर मी हे लिहायला बसले नसते. जेवणाचे १,६४० रुपये, त्याखाली दहा टक्के सर्व्हिस चार्ज म्हणून १६४ आणि मग या सगळ्यावर पाच टक्के जीएसटी. म्हणजे १,७२२ च्या जागी १,८९४ रुपये २० पैसे. १७२ रुपये जास्त, आणि तेही ज्या दिवशी पास्ता पार गिचका झाला होता त्या दिवशी.

हॉटेलचं नाव लिहीत नाही. आपल्या छत्रपती संभाजीनगरातलंच आहे, सिडकोच्या बाजूचं, बारा-चौदा टेबलांचं. लाल सॉस, पांढरा सॉस, गुलाबी सॉस, पातळ बेसचा पिझ्झा, गार्लिक ब्रेड, तिरामिसू, असा मेनू सगळ्यांच्या ओळखीचा आहे. जूनपासून आम्ही तिथे अकरा वेळा जेवलो. मी बिलं हिशेबाच्या वहीत चिकटवून ठेवते, म्हणून वार आणि रकमा माझ्याकडे लिहिलेल्या आहेत.

पहिल्यांदा गेलो तो रविवार होता. लेकीने गुलाबी सॉसमधला पेने, म्हणजे नळ्यांसारखा पास्ता, मागवला. काट्याने उचलला की मोडत होता, तोंडात घातला की नुसतं पीठ लागत होतं. त्या प्लेटचे ३२० रुपये मोजताना मला फार वाईट वाटलं आणि पुन्हा इथे यायचं नाही असं मी घरी सांगून टाकलं. पंधरा दिवसांनी सासूबाई गावाहून आल्या आणि लेक आजीला तिथेच घेऊन जाण्यासाठी हटून बसली. तो बुधवार होता. लाल सॉसमधला, मिरचीचा झटका असलेला अरॅबियाता पेने आला. प्रत्येक नळी वेगळी, दाताखाली किंचित दम धरणारी. सासूबाईंनी एक नळी बोटात धरून आरपार बघितली आणि म्हणाल्या, "अगं, हे तर सरगुंडे की!"

त्यांचं माहेर हिंगोलीकडचं. उन्हाळ्यात काडीवर वळलेले सरगुंडे बाजेवर वाळायचे आणि आमरस निघाला की उकडले जायचे. बोटवे, नखुले, गव्हले, मालत्या हे सगळं वळवट आपल्या आज्या-पणज्यांनी हातानेच केलं. इटलीत दक्षिणेकडे, बारी शहराच्या जुन्या गल्ल्यांत बायका दारात बसून कानाच्या पाळीसारखा ऑरेकिएते पास्ता अंगठ्याने दाबून करतात. त्याचे व्हिडिओ मी सासूबाईंना दाखवले तेव्हा त्या बराच वेळ त्या बायकांची बोटंच बघत बसल्या.

पास्त्याची कणी म्हणजे काय हे त्यांना समजवावं लागलं नाही. भाताला आपण म्हणतो ना, अजून कणी आहे, म्हणजे मधला दाणा पुरता शिजलेला नाही. इटालियन लोक पास्ता उतरवतात तो ती कणी जायच्या बेतात असताना. त्यालाच ते अल देन्ते म्हणतात, दाताला लागेल असा. हे जमतं ते गव्हामुळे. इटलीत वाळवलेला पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्याचाच हवा असा नियम १९६७ सालच्या कायद्यापासून आहे. ड्युरम म्हणजे आपला बन्सी गहू, शेवयांना आणि रव्याला आपण मुद्दाम शोधतो तोच. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने 'एमएसीएस ४०२८' नावाचं ड्युरमचं वाण काढलं आहे, तेही आपल्या कोरडवाहू शेतीसाठी. म्हणजे हे अन्न परकं नाही. खाणाऱ्याला त्यातलं काही कळत नाही असं धरून कुणी लगदा वाढला तर मला ते सहन होत नाही.

वहीतली बिलं समोर मांडली तेव्हा गोष्ट उघड झाली. अकरापैकी चार वेळा पास्ता बिघडला आणि ते चारही रविवार होते. मधल्या वारांच्या सातही वेळा तो उत्तम होता. सप्टेंबरातल्या रविवारी मी उठून थेट स्वयंपाकघराच्या अर्ध्या भिंतीपाशी गेले. भोकरदनकडचा एक तरुण मुलगा कढई परतत होता. त्याला विचारलं तर त्याने काहीही न लपवता सांगितलं, "मॅडम, रविवारी लई गर्दी असते. दुपारीच तीन किलो उकडून, तेल लावून ठेवतो. ऑर्डर आली की गरम पाण्यात बुडवून काढायचा."

तोवर मी समजत होते की त्याला जमत नाही. माझं ते मत चुकीचं होतं आणि इथे मी ते बदलते. बुधवारी जो हात शंभर ग्रॅम पास्त्याला लिटरभर पाणी आणि दहा ग्रॅम मीठ घेऊन उकडतो, सॉस आळवताना त्यातच तेच पिठाळ पाणी पळीभर घालतो, तोच हात रविवारी लगदा करतो. आधी उकडून ठेवणं हा काही गुन्हा नाही, मोठ्या गर्दीच्या ठिकाणी तसंच करतात. पण मग पाकिटावर दहा मिनिटं लिहिली असतील तर पास्ता सहाव्या मिनिटाला उतरवून पटकन गार करायचा, म्हणजे उरलेली शिजण सॉसमध्ये पुरी होते. इथे पूर्ण दहा मिनिटं उकडतात, वर गरम पाणी आणि त्यावर पुन्हा कढई. मी हे त्या मुलाला सांगितलं. तो म्हणाला, शेठना सांगा. शेठना सांगितलं. त्यांनी मान हलवली. पुढच्या रविवारी पुन्हा तेच.

बाकीचं थोडक्यात सांगते. पिझ्झा चांगला असतो, कडा भाजलेली असते, चीजचा मारा नसतो. गार्लिक ब्रेडमध्ये लोणी कमी आणि किंमत जास्त, तो मागवू नका. पांढरा सॉस आमच्या घरात कुणालाच आवडला नाही.

एका गोष्टीचं मात्र मनापासून कौतुक. सासूबाई माळकरी आहेत. चातुर्मासात कांदा-लसूण चालत नाही हे सांगितल्यावर त्यांच्यासाठी नुसत्या टोमॅटोचा आणि तुळशीसारख्या त्या बेसिलच्या पानांचा सॉस वेगळ्या भांड्यात केला, एक रुपयाही जास्त न लावता. पार्मेझान चीज इटलीत वासराच्या पोटातल्या रेनेटने विरजतात, म्हणून मी चीजबद्दल विचारलं. वेटरने आतून पाकीटच आणून त्यावरचा हिरवा ठिपका दाखवला. तिरामिसूत अंडं आहे हेही न विचारता सांगितलं. सासूबाई त्या दिवशी पोटभर जेवल्या. बाहेरचं खाताना त्यांना इतकं निर्धास्त मी क्वचित पाहिलं आहे.

म्हणूनच तो सर्व्हिस चार्ज मनाला जास्त लागला. काउंटरवर विचारलं तर मॅनेजर म्हणाले, दाराशी पाटी आहे. पाटी असून चालत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ४ जुलै २०२२ च्या सूचनांनुसार हा आकार बिलात आपोआप लावता येत नाही, ग्राहकाने स्वखुशीने दिला तरच. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी त्या सूचना कायम ठेवल्या आहेत. मी हे शांतपणे सांगितलं. ते म्हणाले, सगळे देतात. मग मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ क्रमांक फोनवर लावून त्यांच्यासमोर धरला, तेव्हा बिल दुरुस्त झालं. पाऊण तास गेला. सासूबाई बाहेर पायरीवर बसून राहिल्या, याचा मला सगळ्यात जास्त राग आला.

तो हिरवा ठिपका दाखवणारा मुलगा सगळं ऐकत उभा होता. त्याला वाटलं आपलंच काही चुकलं. मी त्याच्या हातात शंभर रुपये ठेवले आणि त्याला सांगितलं की बाबा, हे तुझे आहेत, बिलातले नाहीत.

तुम्ही जाणार असाल तर मंगळवार-बुधवारी जा, साडेसातच्या आत. लाल सॉसमधला पेने सांगा आणि पास्ता ताजा उकडायला लावा. पंधरा मिनिटं जास्त लागतील, ती द्या. पैसे द्यायच्या आधी बिलाची प्रत्येक ओळ वाचा. रविवारी गेलात तर फक्त पिझ्झा मागवा.

येत्या बुधवारी सासूबाई पंचाहत्तर पूर्ण करतात. कुठे जायचं विचारलं तर त्यांनी त्याच हॉटेलचं नाव घेतलं. मी फोन करून टेबल सांगून ठेवलं आहे आणि सोबत हेही, की पास्त्यात कणी हवी.