हॅवलॉकवरचा ‘हनिमून अ‍ॅडव्हेंचर डे’ : समुद्राला पैकीच्या पैकी, वेळापत्रकाला जेमतेम पास

नाशिकमधील एका प्रवासी कंपनीच्या अंदमान सहलीत स्वराज द्वीपावरचा, म्हणजे २०१८ पर्यंत हॅवलॉक हे अधिकृत नाव असलेल्या आणि बोलण्यात अजूनही त्याच नावाने येणाऱ्या बेटावरचा, एक दिवस ‘हनिमून अ‍ॅडव्हेंचर डे’ म्हणून वेगळे पैसे घेऊन विकला जातो. सकाळी स्कूबा डायव्हिंग, दुपारी एलिफंट बीचवर स्नॉर्केलिंग (तोंडात नळी धरून पाण्यावर तरंगत खालचे पाहणे), सायंकाळी राधानगर किनाऱ्यावर सूर्यास्त आणि सजवलेल्या टेबलावर जेवण, रात्री खारफुटीतून कयाक म्हणजे वल्ह्याची छोटी होडी, असा त्याचा आराखडा आहे. लग्नानंतर लगेचच, मार्गशीर्षात, आम्ही उभयतांनी हा दिवस घेतला. अंदमान म्हटले की नाशिककरांना आधी सेल्युलर जेल आणि भगूरचे सावरकर आठवतात, त्यामुळे ‘तिथे मधुचंद्राला?’ हा प्रश्न घरच्या ज्येष्ठांनी विचारलाच. पण पोर्ट ब्लेअर म्हणजे आताचे श्री विजयपुरम येथे जेल पाहून पुढे बोटीने हॅवलॉकला जाण्याचा क्रम त्यांनाही पटला.

या दिवसात घडणाऱ्या गोष्टी उत्तम आहेत, मात्र त्या ज्या क्रमाने आणि ज्या वेळी बसवल्या आहेत, तो क्रम समुद्राकडे पाहून ठरवलेला नाही. छापील वेळापत्रक सकाळी ९ वाजता सुरू होते. नाशिक आणि हॅवलॉक यांच्यात सुमारे १९ रेखांशांचे अंतर आहे, म्हणजे घड्याळ एकच असले तरी सूर्य तिथे सव्वा तास आधी माथ्यावर येतो. डिसेंबरात साडेपाचच्या सुमारास उजाडते आणि सायंकाळी पाचच्या सुमारास सूर्य बुडतो. नऊला ‘सकाळ’ सुरू करायची म्हणजे उजेडाचे साडेतीन तास हॉटेलच्या नाश्त्याला वाहायचे, आणि मग दुपारभर धावपळ करायची.

स्कूबा मात्र अप्रतिम होते. ते बेटावरच्या एका डाइव्ह सेंटरकडे सोपवलेले आहे आणि तिथल्या मंडळींचे काम मन लावून केलेले होते. पोहता येणे आवश्यक नाही, परंतु आरोग्याचा अर्ज प्रामाणिकपणे भरावा लागतो. दमा, हृदयविकार, कानाचा त्रास, इतकेच काय साधी सर्दीसुद्धा लपवू नये, कारण नाक चोंदलेले असेल तर खाली जाताना कानातला दाब समान करता येत नाही. कमरेइतक्या पाण्यात आधी सराव झाला : तोंडातल्या नळीने संथ श्वास घेत राहायचे, श्वास कधीही रोखून धरायचा नाही, नाक चिमटीत धरून हळूच फुंकर मारत कान मोकळे करायचे. अंगठा वर करणे म्हणजे ‘छान’ नव्हे, ‘मला वर न्या’. सगळे ठीक असल्याची खूण तर्जनी आणि अंगठ्याचे कडे करून द्यायची. ही एक गोष्ट नवख्यांनी घोकून ठेवावी, नाहीतर आनंदाच्या भरात अंगठा दाखवाल आणि थेट पृष्ठभागावर पोहोचाल. माहितीपत्रकात ‘ऑक्सिजन सिलिंडर’ असे छापलेले आहे, प्रत्यक्षात त्या टाकीत दाबाखाली भरलेली साधी हवा असते. कंपनीने निदान एवढे तरी दुरुस्त करावे.

माझ्या हातातल्या हिरव्या चुड्याचे काय करायचे, याचा विचार कंपनीने केलेला नव्हता, डाइव्ह सेंटरने मात्र केला होता. काचेच्या बांगड्या पाण्याखाली फुटून हाताला किंवा वेटसूटला, म्हणजे पाण्यात घालायच्या घट्ट पोशाखाला, लागू शकतात. लग्नाला थोडेच दिवस झालेले असताना चुडा उतरवण्याची माझी तयारी नव्हती, म्हणून प्रशिक्षक ताईंनी बांगड्यांवर कापडी पट्टी गुंडाळून वरून वेटसूटची बाही ओढून दिली. मंगळसूत्र मात्र यजमानांच्या पिशवीत गेले. नववधूंसाठीच विकल्या जाणाऱ्या दिवसाच्या सूचनापत्रात या बाबतीत एक ओळही असू नये, हे आश्चर्य आहे.

पहिल्यांदा उतरणाऱ्यांना १२ मीटरच्या खाली नेत नाहीत आणि प्रत्येकाबरोबर स्वतंत्र प्रशिक्षक असतो. आम्ही त्याहूनही बरेच वर होतो, तरी तेवढ्यात समुद्रफुलांच्या झुबक्यात लपणारे केशरी मासे, प्रवाळ कुरतडणारे पोपटमासे आणि निळसर ओठांचा एक मोठा शिंपला पाहायला मिळाला. काही प्रवाळ करडे पडलेले दिसले. पाणी प्रमाणाबाहेर तापले की प्रवाळ आपल्यातले शैवाल बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. २०१० मध्ये अंदमानात असे मोठ्या प्रमाणावर झाले होते. प्रशिक्षकांनी आम्हाला कशालाही हात लावू दिला नाही, आणि ते योग्यच आहे, कारण प्रवाळ हे प्राणी आहेत आणि वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली त्यांना संरक्षण आहे. इतक्या चांगल्या अनुभवाला खोट एवढीच लागली, की पाण्याखालच्या वेळेचा बराचसा भाग आम्हा दोघांना हातांनी बदाम करायला लावून छायाचित्रे काढण्यात गेला. ही छायाचित्रे पॅकेजमध्ये ‘समाविष्ट’ आहेत; ती नकोत असे पाण्यात उतरण्यापूर्वीच स्पष्ट सांगावे, हा माझा सल्ला आहे.

एलिफंट बीचला जेट्टीवरून स्पीडबोटीने सुमारे वीस मिनिटांत जाता येते. दुसरी वाट जंगलातून पायी जाते, आणि अंजनेरी-हरिहर चढणाऱ्या नाशिककरांना ती पाऊण तासाची वाट मुळीच जड नाही. पॅकेजमध्ये ती नाही, ही खरोखर उणीव आहे. किनाऱ्यावर जेट स्की, बनाना राइड यांची गर्दी असते, त्यावर शब्द खर्च करत नाही. स्नॉर्केलिंग मात्र निराशाजनक ठरले आणि त्याचे कारण साधे होते : आम्ही पोहोचलो तेव्हा पूर्ण ओहोटी होती. पौर्णिमा जवळ आलेली असल्यामुळे उधाणाचे दिवस, त्यामुळे ओहोटीही तितकीच खोल. प्रवाळांवर गुडघाभर पाणी उरलेले, पाय टेकवायची सोय नाही आणि पोहायलाही जागा नाही. भरतीच्या वेळी आलेल्यांना हीच जागा फार सुंदर दिसते, असे बोटवाल्याने सांगितले. भरती-ओहोटीची वेळ वर्षभर आधी कळते. तरीही तिकडे जायची वेळ रोज दुपारचीच ठेवलेली आहे.

रात्रीच्या कयाकबाबत तर पंचांगच पुरे होते. माहितीपत्रकात ‘चांदण्यात चमकणाऱ्या लाटा’ असे वर्णन आहे. पाण्यातले प्लवक म्हणजे तरंगणारे सूक्ष्म जीव वल्ह्याच्या हालचालीने निळसर उजळतात, हे खरे; परंतु हा उजेड इतका मंद असतो, की त्याला काळोख लागतो, आणि तो पाहायचा तर अमावास्येच्या आसपासच जावे. आम्ही गेलो ती शुद्ध त्रयोदशी होती. लग्नाचा मुहूर्त काढताना तिथी, नक्षत्र, लग्नघटिका सगळे पाहिले गेले होते, पण समुद्रासाठी कोणीच पंचांग उघडले नाही. कयाकच्या वाटाड्याने निघण्यापूर्वीच खरे सांगितले आणि पैसे परत देण्याची तयारी दाखवली, याबद्दल त्याचे कौतुक करायला हवे. आम्ही तरीही गेलो. भरतीचे पाणी खारफुटीत चांगले आत शिरलेले होते, चंद्रप्रकाशात मुळांचे जाळे स्पष्ट दिसत होते, आणि वल्ही थांबवून दोघांनी काही काळ निवांत बसण्याची संधी त्या दिवसात प्रथमच मिळाली. चमक मात्र दिसली नाही.

राधानगरचा किनारा ‘टाइम’ मासिकाने २००४ मध्ये आशियातील सर्वोत्तम ठरवला होता आणि २०२० मध्ये त्याला ब्ल्यू फ्लॅग हे स्वच्छ किनाऱ्यांसाठीचे आंतरराष्ट्रीय मानांकन मिळाले. तिथे किमान दोन तास हवेत. एलिफंट बीचवरून परतून आम्ही पोहोचलो तेव्हा सूर्य पाण्याला टेकलेला होता, आणि काळोख पडताच शिट्ट्या वाजवून सर्वांना बाहेर काढण्यात आले. ‘किनाऱ्यावरचे’ जेवण प्रत्यक्षात हॉटेलच्या हिरवळीवर, प्लॅस्टिकच्या फुलांच्या कमानीखाली झाले. त्यापेक्षा गोविंदनगरच्या बाजारातल्या बंगाली खाणावळीत मासे-भात कितीतरी चवदार मिळतो.

घेणाऱ्यांनी पॅकेज फोडून घ्यावे : स्कूबा सकाळी लवकर, एलिफंट बीच भरतीच्या वेळी, दुपारी तीनपासून राधानगर, आणि कयाक फक्त कृष्ण पक्षाच्या शेवटी. स्कूबानंतर किमान १२ तास विमानात बसता येत नाही आणि एकापेक्षा अधिक वेळा उतरल्यास १८ तास थांबावे लागते, त्यामुळे हा दिवस परतीच्या आदल्या दिवशी ठेवू नये. नाशिकहून पोर्ट ब्लेअरला थेट विमान नसल्याने तिकिटे मुंबईमार्गे आधीच काढलेली असतात आणि मग बदल महाग पडतो. कंपनीला मी हे सर्व लेखी कळवले आहे. कमानीच्या सजावटीचे पैसे परत करता येणार नाहीत, असे उत्तर आले. भरतीच्या वेळांबद्दल त्या उत्तरात काहीही नव्हते.