गायीची सोनोग्राफी करणारे डॉक्टर, आमच्या गोठ्यावरचा अनुभव

आमचा गोठा संगमनेरच्या बाजूला, सगळ्या एचएफ क्रॉस (होल्स्टिन जातीच्या संकरित) गायी, दूध डेअरीला जातं. गेल्या वर्षापासून आम्ही एका खाजगी डॉक्टरांना बोलावतो, त्यांच्याकडे हातात धरून नेता येईल असं सोनोग्राफी मशीन आहे. आजूबाजूचे बरेच जण विचारतात की परवडतं का, म्हणून नीट सविस्तर लिहितोय.

परवडतं, आणि चांगलंच परवडतं. हाताने गाभण तपासायची म्हटलं तर दोन महिने तरी थांबायला लागतं, हात बसलेला डॉक्टर असेल तर दीड महिन्यात सांगतो, पण मशीनवर भरवल्यापासून (रेतन केल्यापासून) 30 दिवसांच्या आसपास कळतं. स्क्रीनवर काळं पाणी दिसतं, त्यात पांढरा छोटासा गर्भ आणि त्याच्या काळजाची फडफड, आमच्या आईने ती पहिल्यांदा बघितली तेव्हा ती गायीच्या पाठीवर हात ठेवून बराच वेळ बघतच राहिली. लोक म्हणतात गाभण आहे हे महिनाभर आधी कळून काय करायचं, अहो पण पैसा वाचतो तो गाभण नसलेल्या गायीत! गाय दर 21 दिवसांनी माजावर येते, माज धड एक दिवसही टिकत नाही, त्यात उन्हाळ्यात मुका माज (बाहेरून लक्षणं न दाखवणारा) असला की कुणाच्या लक्षातच येत नाही, आपण ती गाभण आहे म्हणून सांभाळत बसतो आणि पुढे तपासली की रिकामी निघते. आमच्याकडे एका गायीचा चारा-खुराक रोज 250 रुपयांच्या घरात जातो, म्हणजे एक माज हुकला की 5000 च्या वर गेले, आणि डॉक्टर तपासणीचे एका गायीमागे 300 घेतात. हिशोब तुम्हीच करा.

दुसरी गोष्ट यापेक्षा महत्त्वाची वाटते मला. सारखी उलटणारी, म्हणजे भरवूनही गाभण न राहणारी गाय असली की बऱ्याच ठिकाणी अंदाजानेच माजावर आणायचं पीजी (प्रोस्टाग्लँडिन) इंजेक्शन ठोकतात. ते लागू पडायला बीजकोषावर पिवळा गोळा तयार असावा लागतो, तो नसेल तर पैसे वाया, आणि गाय गाभण असेल तर गाभच पडतो. हे डॉक्टर आधी दोन्ही बीजकोष स्क्रीनवर बघतात, गर्भाशयात पू आहे का, गाठ आहे का ते बघतात आणि मगच सुई काढतात. आमच्या एका चांगल्या दुधाच्या गायीला गाठ निघाली, तिला दुसरंच औषध लागलं, आणि आता ती गाभण आहे. 30 दिवसांना गाभण दिसलेली गाय ते दोन महिन्यांनी परत तपासतात कारण सुरुवातीचा गर्भ कधी कधी जिरून जातो, त्या दुसऱ्या तपासणीचे पैसे निम्मे घेतात.

रेकॉर्डचं पण सांगायला पाहिजे. कानातल्या बिल्ल्याचा 12 आकडी नंबर टाकून प्रत्येक गायीची भरवल्याची तारीख, तपासणी, आटवायची (दूध बंद करायची) तारीख सगळं मोबाईलमध्ये ठेवतात आणि वेळ आली की व्हॉट्सॲपवर मेसेज येतो. आधी आम्ही गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहायचो, पाऊस लागला की गेलं. फक्त तो मेसेज इंग्रजीत येतो, हे मला अजिबात पटत नाही, गोठ्यात काम घरातल्या बायका करतात आणि त्यांना वाचता येईल असा मराठीत मेसेज पाठवायला काय अडचण आहे? सांगितलंय दोनदा, बघू.

गोचीड तापाला पण फायदा झाला. एका कालवडीला 105 ताप, खांद्यापुढची गाठ सुजलेली, तर कानाच्या टोकातून रक्त घेतलं, काचपट्टीवर पसरवलं आणि दवाखान्यात मायक्रोस्कोपखाली बघून त्याच दिवशी थायलेरिया, म्हणजे गोचिडीमुळे होणारा ताप, सांगितला. त्याचं इंजेक्शन महाग असतं, पण नक्की कळलं की दिलेलं बरं, नाहीतर तीन दिवस नुसत्या अँटिबायोटिकवर जातात आणि तोवर जनावर रक्त कमी होऊन पांढरं पडतं.

तक्रारी पण आहेत. एकटीदुकटी गाय असेल तर येण्याचे वेगळे पैसे लागतात, त्यामुळे शेजारच्या तीन-चार गोठ्यांनी मिळून एकच दिवस ठरवा, आम्ही तेच करतो. व्हिडिओ कॉलवर सल्ला देतात, जखम, सडावरच्या पुटकुळ्या असल्या गोष्टींना ठीक आहे, पण पोटफुगी किंवा अडलेली गाय असेल तर व्हिडिओत वेळ घालवू नका, जो डॉक्टर लवकर पोहोचेल त्याला बोलवा, 1962 या सरकारी पशुवैद्यकीय मदतीच्या नंबरला पण फोन लावा. आणि रात्री यांचा फोन लागेलच असं नाही.

बोलावण्याआधी भरवल्याच्या तारखा काढून ठेवा, गाय सावलीत बांधा कारण उन्हात स्क्रीन दिसत नाही. लाळ्या-खुरकूतची लस मात्र सरकारी दवाखान्यातून फुकट मिळते, त्यासाठी यांना पैसे देऊ नका.