जळगावातील मुलींचा सॉफ्टबॉल वर्ग : सविस्तर अभिप्राय

जळगाव शहरातील एका महाविद्यालयाच्या मैदानावर शाळकरी आणि महाविद्यालयीन मुलींसाठी सॉफ्टबॉलचा, म्हणजे बेसबॉलसारख्या पण चेंडू खालून टाकायच्या खेळाचा, जो वर्ग वर्षभर चालतो, त्याविषयी अमळनेर आणि पारोळा तालुक्यांतील पालक मला वारंवार विचारतात, म्हणून माझे मत एकदा नीट लिहून ठेवत आहे. मी माध्यमिक शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतो आणि माझी मुलगी व आमच्या शाळेतील काही विद्यार्थिनी या वर्गात शिकतात. ज्या मुलीला हा खेळ काही वर्षे मनापासून खेळायचा आहे, तिच्यासाठी हा वर्ग उत्तम आहे. केवळ सुट्टी घालवण्यासाठी, किंवा दहावीच्या निकालात क्रीडा सवलतीचे गुण मिळावेत एवढ्यासाठीच, प्रवेश घेणाऱ्यांची मात्र येथे निराशा होईल.

वर्गाची खरी जमेची बाजू म्हणजे प्रशिक्षिकेची कारकीर्द. मुली त्यांना मॅडम म्हणतात, खेड्यावरून येणारे पालक ताई म्हणतात. कापूस पिकवणाऱ्या घरातील ही मुलगी शाळेत खो-खो खेळत असे. महाविद्यालयात आल्यावर त्या सॉफ्टबॉलकडे वळल्या, आधी शॉर्टस्टॉप (आतल्या मैदानातील क्षेत्ररक्षक) आणि मग पिचर (फलंदाजाला चेंडू टाकणारी) म्हणून विद्यापीठाच्या संघात आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळल्या आणि पुढे राज्याच्या संघातही त्यांची निवड झाली. खेळ चालू असतानाच त्यांनी बी.पी.एड. आणि एम.पी.एड. पूर्ण केले, सेट ही अध्यापकपदासाठीची राज्य पात्रता परीक्षा उत्तीर्ण केली आणि महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालक म्हणून त्या रुजू झाल्या. खेळणे त्यांनी त्यानंतरही सोडलेले नाही. खुल्या गटातील सामन्यांत त्या आजही जिल्ह्याकडून उतरतात. त्यामुळे चेंडू कसा सोडावा हे त्या बाकावर बसून सांगत नाहीत, मुलींसमोर उभ्या राहून तो सोडून दाखवतात, आणि आपला स्वतःचा नेम चुकला तर तो का चुकला हेही तेथेच समजावून देतात. खेळाडूची जाण आणि शिक्षिकेची शिस्त एकाच व्यक्तीत असणे आपल्या भागात किती दुर्मीळ आहे, हे माझ्यासारख्या शिक्षकाला चांगले ठाऊक आहे.

आता प्रत्यक्ष शिकवण्याविषयी. येथे आलेल्या मुलीला पहिले कित्येक आठवडे पिचिंगला हात लावू देत नाहीत, आणि नेमकी याच गोष्टीची तक्रार नवे पालक सर्वांत जास्त करतात. माझ्या मते हीच या वर्गाची सर्वांत चांगली बाब आहे. खानदेशातील मुलींच्या अंगात दोन खेळ आधीपासून मुरलेले असतात, क्रिकेट आणि खो-खो, आणि दोहोंच्या काही सवयी सॉफ्टबॉलमध्ये आड येतात. क्रिकेट पाहून वाढलेली मुलगी चेंडू फटकावल्यावर क्षणभर थांबून धाव घ्यावी की नाही याचा विचार करते. सॉफ्टबॉलमध्ये चेंडू मर्यादेच्या आत टोलवला की फलंदाजाला पहिल्या बेसकडे, म्हणजे धावत गाठायच्या पहिल्या ठिकाणाकडे, धावावेच लागते, तेथे निवड करायला वाव नाही. तीच मुलगी ग्लोव्ह हातात असूनही मोकळा हात पुढे करते आणि बोटे दुखावून घेते. खो-खो खेळणारी मुलगी चपळ असते, पण ती बेसवरून फार लवकर निघते. पिचरच्या हातून चेंडू सुटेपर्यंत धावपटूने बेस सोडायचा नाही, या नियमामुळे ती बाद ठरते. मॅडम या सवयी एकेक करून मोडतात. मुलगी फटका मारून चेंडूकडे पाहत उभी राहिली की त्या अहिराणीतच ओरडतात, ‘चेंडू नको देखू, पय!’ (चेंडू पाहू नको, पळ!) आणि अमळनेरकडच्या मुलींना ते जितक्या लवकर कळते तितके पुस्तकी मराठीतील कोणतेही वाक्य कळले नसते.

पकडणे, फेकणे आणि धावणे अंगवळणी पडल्यानंतर मुलीची चाचणी होते आणि मग निवडक मुलींना पिचिंग शिकवले जाते. खांद्यापासून पूर्ण गोल फिरवून खालून सोडलेला चेंडू, ज्याला सगळे विंडमिल म्हणतात, तो येथे तुकड्या-तुकड्याने शिकवतात: आधी केवळ मनगटाचा झटका, मग कमरेपासून सोडणे, मग अर्धे वर्तुळ, आणि शेवटी पायाच्या लांब ढांगेसह पूर्ण फेरा. चेंडू खालून टाकायचा असल्यामुळे खांद्यावर ताण येत नाही, असा एक समज आपल्याकडील शिक्षकांतही पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. विंडमिल पद्धतीत खांद्यावर पडणारा भार डोक्यावरून केलेल्या फेकीच्या भाराशी तुलना करण्याइतका मोठा असतो. म्हणून प्रत्येक पिचरने त्या दिवशी किती चेंडू टाकले हे वहीत लिहिले जाते, आणि वयाप्रमाणे ठरवलेली संख्या पूर्ण झाली की चेंडू काढून घेतला जातो, मग मुलगी कितीही रंगात आलेली असो. जिल्हास्तरीय स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळीही हा नियम मोडलेला मी पाहिलेला नाही. जिंकण्याच्या घाईत चौदा वर्षांच्या मुलीचा खांदा निकामी करणारे प्रशिक्षण मी इतरत्र पाहिलेले आहे, म्हणून या वहीला मी फार महत्त्व देतो.

मैदानाची आखणीही नेमकी असते. बेसमधील अंतर १८.२९ मीटर आणि महिलांसाठी पिचिंगचे अंतर १३.११ मीटर हे दोरीने मोजून रोज फक्कीने आखले जाते, आणि लहान मुलींसाठी पिचिंगची रेषा पुढे घेतली जाते. या अंतराचा अर्थ पालकांनी समजून घ्यावा. ताशी शंभर किलोमीटर वेगाने सोडलेला चेंडू फलंदाजापर्यंत पोहोचायला अर्ध्या सेकंदाहूनही कमी वेळ घेतो, तेव्हा चेंडू पाहून मग बॅट उचलायला सवडच मिळत नाही. बॅट, पाय आणि नजर आधीच तयार असावी लागते. चेंडूचा परीघ सुमारे तीस सेंटिमीटर असतो आणि नावात ‘सॉफ्ट’ असले तरी तो अजिबात मऊ नसतो, म्हणून हेल्मेटशिवाय कोणालाही फलंदाजीला उभे राहू दिले जात नाही.

साहित्याच्या बाबतीत मात्र वर्ग कमी पडतो. ग्लोव्ह पुरेसे आहेत, पण डावखुऱ्या मुलींसाठी लागणारे, म्हणजे उजव्या हातात घालायचे ग्लोव्ह अगदी मोजके आहेत. कॅचरचा, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू पकडणारीचा, मुखवटा, छातीचे आणि पायांचे संरक्षक यांचे संचही कमी आहेत, त्यामुळे दोन गटांचा सराव एकाच वेळी होऊ शकत नाही. पालकांनी शक्य असल्यास मुलीचा स्वतःचा ग्लोव्ह घ्यावा. तो घेताना तळहाताच्या मापाकडे लक्ष द्यावे, पुढे वाढेल म्हणून मोठा घेऊ नये. मोठ्या ग्लोव्हमधून चेंडू काढून फेकायला जो उशीर होतो तेवढ्यात धावपटू बेसवर पोहोचलेली असते.

दुसरी उणीव मैदानाची. काळ्या मातीवर मुरूम टाकलेला असला तरी पावसाळ्यात एक जोरदार सर आली की माती बुटांना चिकटते आणि सराव बंद पडतो. तशी सूचना वेळेवर मिळत नाही, एस.टी.ने तास-दीड तास प्रवास करून आलेल्या मुलींना परत जावे लागते, आणि ही गोष्ट सहज सुधारता येण्याजोगी आहे. मुलींना कपडे बदलण्याची सोय मैदानाजवळ असायला हवी, ती नाही. उन्हाचा विचार मात्र उत्तम केलेला आहे: एप्रिल-मेमध्ये जळगावचा पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो, म्हणून त्या काळात सकाळचा वर्ग उजाडताच सुरू होऊन ऊन तापायच्या आत संपतो, आणि दर थोड्या वेळाने पाणी पिणे सक्तीचे असते.

शनिवारी सरावानंतर मॅडम मुलींशी कारकिर्दीविषयी बोलतात. पालकांनाही बसू देतात, आणि शक्य असेल त्या प्रत्येकाने बसावे असे मी आग्रहाने सांगेन. त्यात त्या अमेरिकेच्या कॅट ऑस्टरमन या डावखुऱ्या पिचरचे उदाहरण नेहमी देतात. १९८३ मध्ये जन्मलेली ही खेळाडू टेक्सास विद्यापीठाकडून खेळली, २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये तिने सुवर्णपदक आणि २००८ च्या बीजिंगमध्ये रौप्यपदक मिळवले, आणि अमेरिकेतील नॅशनल प्रो फास्टपिच या व्यावसायिक लीगमध्ये ती अनेक हंगाम खेळली. इतके असूनही ती केवळ खेळाच्या मानधनावर विसंबून राहिली नाही. खेळत असतानाच तिने महाविद्यालयीन संघांना शिकवले, पुढे टेक्सास स्टेट विद्यापीठात ती सहायक प्रशिक्षक होती. २०१५ मध्ये व्यावसायिक खेळातून ती निवृत्त झाली, पण सॉफ्टबॉल टोकियो ऑलिंपिकमध्ये परतणार म्हटल्यावर ती पुन्हा मैदानात उतरली. २०२० मध्ये अॅथलीट्स अनलिमिटेड या नव्या व्यावसायिक स्पर्धेच्या पहिल्याच हंगामात ती अव्वल ठरली आणि २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या संघाबरोबर पुन्हा रौप्यपदकाची मानकरी झाली. मॅडम हे सांगतात तेव्हा त्यांचा रोख पदकांवर नसतो. जगातील सर्वोत्तम पिचरपैकी एकीलाही खेळासोबत शिकवण्याचे काम उभे करावे लागले, मग पारोळ्याच्या मुलीने शिक्षण सोडून केवळ खेळावर भरवसा ठेवणे कितपत शहाणपणाचे, हा त्यांचा प्रश्न असतो, आणि तो त्या पालकांच्या तोंडावर विचारतात.

त्यापुढील भाग तितकाच स्पष्ट असतो. महाराष्ट्र शासनाच्या सेवेत खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षण आहे. त्यासाठी कोणत्या पातळीवरील स्पर्धेतील कामगिरी ग्राह्य धरली जाते हे पदाच्या वर्गानुसार ठरते, आणि प्रमाणपत्राची पडताळणी करून घ्यावी लागते. म्हणून प्रत्येक स्पर्धेचे प्रमाणपत्र, संघाच्या यादीची प्रत आणि स्पर्धेचा निकाल जपून ठेवण्याची सवय मुलींना पहिल्या वर्षापासून लावली जाते. खेळात राहूनच पोट भरायचे असेल तर बी.पी.एड., एम.पी.एड. आणि सेट किंवा नेट हा शिक्षकी मार्ग, पतियाळ्याच्या नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्थेसारख्या ठिकाणचा प्रशिक्षकाचा मार्ग आणि पंच होण्याचा मार्ग, हे तिन्ही त्या खर्चासकट मांडतात. ऑलिंपिकचे आमिष त्या दाखवत नाहीत. १९९६ ते २००८ या काळात असलेला हा खेळ नंतर वगळला गेला, टोकियोत परतला, पॅरिसमध्ये नव्हता आणि २०२८ च्या लॉस एंजेलिसमध्ये पुन्हा असेल, एवढे सांगून त्या गप्प होतात. एका वडिलांनी मुलगी भारताकडून कधी खेळेल असे विचारले, तेव्हा ‘भाऊ, आधी तिला बारावी होऊ द्या, आणि रोज वेळेवर पाठवा’ इतकेच उत्तर मिळाले. त्या उत्तराने ते थोडे खट्टू झाले, पण मुलीला त्यांनी वर्गातून काढले नाही.

एका बाबतीत माझा मॅडमशी मतभेद आहे. पिचर आणि कॅचर यांच्याकडे जेवढे लक्ष दिले जाते तेवढे मागच्या मैदानातील खेळाडूंकडे दिले जात नाही. आउटफिल्डमधील मुलगी पूर्ण संध्याकाळभर उंच चेंडू पकडत राहते आणि तिला सुधारणा सांगणारे कोणी नसते. वर्गात मुली वाढल्या आहेत, तेव्हा एखादी माजी विद्यार्थिनी सहायक म्हणून नेमावी, अशी सूचना मी त्यांना केलेली आहे आणि ती त्यांनी मान्यही केली आहे. अंमलबजावणी अजून व्हायची आहे.

शुल्क महिन्याला सहाशे रुपये आहे, अडचण असलेल्या घरांना त्यात सवलत मिळते आणि ती कोणाला मिळते याचा गवगवा होत नाही. स्पर्धेच्या प्रवासाचा खर्च वेगळा असतो. नवा प्रवेश जून आणि नोव्हेंबर या दोन महिन्यांतच दिला जातो. येताना मुलीसोबत आधार कार्डाची व जन्मदाखल्याची प्रत, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, ट्रॅकपँट, टोपी आणि मोठी पाण्याची बाटली असावी, आणि पहिल्या दिवशी पालकांपैकी एकाने सराव संपेपर्यंत मैदानावर थांबावे, अशी अट आहे.