हेडलाइटचा पिवळेपणा घरी काढला: एक उन्हाळा, एक पावसाळा काढल्यानंतर

आधी निकाल. दोन दिवे मुद्दाम दोन पद्धतींनी केले होते. उजवा वॉटर पेपरने घासून, रबिंग कंपाउंडने चमकवून वर वॅक्स. डावा घासून थेट टू-के क्लिअर कोट (हार्डनर मिसळून फवारायचा पारदर्शक थर). काम झालं त्या दिवशी उजवाच भारी दिसत होता. आता पावसाळा सरल्यावर उजव्याच्या वरच्या कडेला पुन्हा पिवळट झाक आली आहे, डावा जसाच्या तसा.

कारण सरळ आहे. आपण काच म्हणतो ते पॉलीकार्बोनेट प्लास्टिक. (अॅम्बॅसिडरच्या गोल दिव्यांना खरी काच होती, म्हणून त्या पिवळ्या पडत नसत.) कंपनी त्यावर अतिनील किरणं अडवणारा कडक थर देते. लातूर-परभणीकडं एप्रिल-मेचं ऊन चाळिशी ओलांडतं आणि गाडी वर्षानुवर्षं उघड्यावर उभी असते. तो थर मरतो, मग खालचं प्लास्टिक पिवळं पडतं. घासताना उरलासुरला थरही निघतो. म्हणजे नुसतं पॉलिश केलं तर प्लास्टिक आधीपेक्षा जास्त उघडं पडतं. टूथपेस्टचंही तेच: ती बारीक घासते, चार-सहा आठवडे बरं दिसतं, संरक्षण शून्य.

सामान: वॉटर पेपर ६००, ८०० आणि १००० नंबरचे, प्रत्येकी दोन. रुंद मास्किंग टेप, स्प्रेच्या बाटलीत पाणी, आयसोप्रोपिल अल्कोहोल, धागे न सुटणारं फडकं, टू-के क्लिअरचा एक डबा. टू-के म्हणजे हार्डनर, थर कडक करणारं रसायन, वेगळा असलेला. डब्याच्या बुडाशी बटण असतं, ते दाबलं की हार्डनर आत मिसळतो. साधा एका भागाचा लॅकर स्वस्त मिळतो, पण पेट्रोल किंवा थिनर लागलं की उतरतो आणि उन्हातही लवकर दम तोडतो.

दिवा धुवा, भोवतीच्या बॉनेट-बंपरवर टेपचे दोन थर लावा. पेपर क्षणभर कोरडा फिरला तरी रंग जातो, म्हणून हे टाळू नका. ६०० नंबर पाण्यासह एकाच दिशेत, आडवा. खरी कसरत इथेच. घासताना सुटणाऱ्या पाण्याकडं लक्ष ठेवा: सुरुवातीला ते पिवळसर दुधी येतं, जुना थर पूर्ण गेला की पांढरं येतं. पिवळं येतंय तोवर पुढचा नंबर घ्यायचा नाही. जुना थर नकाशासारखा तुकड्या-तुकड्यांनी सुटतो. ओलेपणी दिसत नाही, म्हणून मधूनमधून पुसून, वाळवून, तिरप्या उजेडात बघायचं. मागं राहिलेली बेटं क्लिअर मारल्यावर कायमची दिसतात. नंतर ८०० उभा, १००० पुन्हा आडवा. दिशा बदलली की आधीचे ओरखडे उरलेत का ते लगेच कळतं.

क्लिअर मारणार असाल तर १००० वर थांबा. दिवा एकसारखा धुरकट दिसेल, घाबरू नका. ते बारीक ओरखडे क्लिअर भरून काढतो. २०००, ३००० आणि कंपाउंडपर्यंत गुळगुळीत केलं तर थराला धरायला काही उरत नाही, पापुद्रे सुटतात. फक्त पॉलिश करणाऱ्यांनीच तिथवर जावं.

शेवटचं धुणं बोअरच्या पाण्यानं नको. आपल्याकडं क्षार इतके, की वाळताच पांढरे ठिपके उरतात आणि ते क्लिअरखाली बंद होतात. फिल्टरचं पाणी, मग अल्कोहोलनं दोन पुसण्या. थिनर किंवा अॅसिटोन अजिबात नको, पॉलीकार्बोनेटला केसासारख्या चिरा पडतात. सॅनिटायझर जेलही नको, त्यातलं ग्लिसरीन मागं राहतं. डॅशबोर्ड चकचकीत करणारं सिलिकॉन पॉलिश त्या दिवशी गाडीजवळही आणू नका, क्लिअरला डोळ्यांसारखी गोल छिद्रं पडतात.

फवारा सुमारे २५ सेंटिमीटरवरून. पहिला हात नुसता धुक्यासारखा, मग १० मिनिटांच्या अंतरानं दोन भरीव हात. जवळून मारलं की ओघळ येतात. मेच्या दुपारी मारलं तर कण हवेतच वाळतात आणि पृष्ठभाग रेतीसारखा खरखरीत होतो. पावसाळी दमट हवेत दुधी झाक येते. हिवाळ्यात ऊन वर आल्यावर, वारा नसताना मारणं उत्तम. सोयाबीनची मळणी शेजारी चालू असेल तर दुसरा दिवस निवडा. टू-केच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते फुफ्फुसाला घातक. सुती रुमाल किंवा साधा मास्क पुरत नाही, रंगकामाचा सेंद्रिय वाफांचा फिल्टर असलेला मास्क, चष्मा, हातमोजे हवेतच. बंद गॅरेजमध्ये तर बिलकुल नको. टेप क्लिअर थोडा ओला असतानाच, कडेनं दुमडत काढा. डबा एकदा बटण दाबला की परत ठेवून उपयोग नाही, आत गोठतो. दोन्ही दिवे एकाच बैठकीत करा.

पैसे घालवण्याआधी दिवा आतून बघा. आतल्या बाजूला चिरा असतील, किंवा जास्त वॅटचा बल्ब टाकून रिफ्लेक्टर काळवंडला असेल, तर बाहेरून कितीही घासा, रात्री उसाच्या ट्रॉल्या वेळेत दिसणार नाहीत. आत पाण्याचे थेंब साचत असतील तर सीलची जागा फुटली आहे. आधी ती दुरुस्ती.

डाव्या दिव्यावर खडी उडून एक टवका गेलाय. तेवढ्याच जागी ब्रशनं क्लिअर लावून बघू नका, कड दिसत राहते. टवका पसरू लागला तर पूर्ण दिवा पुन्हा ८०० पासून.