पागासाठी शिसे: नवे घ्यावे की भंगारातले?

मालवणच्या बाजारातील जाळ्यांच्या एका दुकानातून मे महिन्यात मी पागासाठी, म्हणजे हाताने फेकायच्या गोल जाळ्याच्या कडेला लावण्यासाठी, साडेतीन किलो शिशाच्या गोळ्या घेतल्या आणि पावसाळाभर कर्लीच्या खाडीत त्या वापरल्या. नव्या शिशाच्या गोळ्या भंगारातल्यांपेक्षा महाग पडल्या, तरी पुन्हा घ्यायची वेळ आली तर मी त्याच घेईन.

मागच्या वर्षी दुसऱ्या एका ठिकाणी घेतलेल्या गोळ्या बॅटऱ्यांच्या भंगारातल्या होत्या. बॅटरीच्या आतल्या शिशाच्या जाळीत बऱ्याचदा अँटिमनी मिसळलेले असते आणि ते नीट काढले नाही तर धातू कडक होतो. पक्कडीने दोरीवर दाबताच चारपैकी एखादी गोळी तडकायची. नव्या गोळीवर मात्र नखाची खूण उमटते आणि कागदावर ती ओढली की करडी रेघ राहते. पाग अंगावर पडण्याआधी बोय माशांचा थवा पळतो की सापडतो, हे जाळ्याचा घेर किती लवकर तळाला टेकतो यावर असते, आणि लोखंडापेक्षा जवळपास दीडपट घनतेचे शिसे तिथे उपयोगी पडते.

नव्या शिशाच्या किमतीविषयी मात्र आपल्याकडे गैरसमज आहे: खाणीतून ते सहज निघते, मग महाग का, असे वाटते. खाण म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर चिरेखाण येते: माती बाजूला करायची आणि वरून चिरे कापत जायचे. राजस्थानात भिलवाडा जिल्ह्यातील रामपुरा आगुचा येथील जस्त-शिशाच्या खाणीतही 1991 मध्ये उघड्या खड्ड्यानेच सुरुवात झाली. पण खड्डा जसजसा खोल जातो, तसतसा धातुकाच्या प्रत्येक टनामागे उपसावा लागणारा निरुपयोगी दगड वाढतो, म्हणून आता तेथे काम जमिनीखाली चालते. उताराच्या बोगद्यातून आत जायचे, लांब भोके पाडून सुरुंग लावायचे, धातुक काढून रिकामी झालेली पोकळी सिमेंट मिसळलेल्या गाळाने भरायची आणि मगच शेजारचा भाग फोडायचा. छताला बोल्ट मारणे, आत हवा खेळवणे, पाणी उपसणे यांचा खर्च तर एक दिवसही थांबत नाही. गॅलेना या खनिजात सुमारे 86 टक्के शिसे असते खरे, पण ते खडकात विखुरलेले असल्यामुळे वर आलेल्या धातुकात शिशाचे प्रमाण जेमतेम काही टक्के भरते. त्याच दगडातून जस्त आणि चांदीही निघते, म्हणून सगळा भार एकट्या शिशावर पडत नाही.

भंगारातले शिसे नीट शुद्ध केले तर तेही तितकेच चांगले असते. माझी तक्रार अर्धवट गाळलेल्या मालाविषयी आहे. या दुकानात दोन्ही प्रकार वेगळे ठेवले होते आणि विचारल्यावर सरळ सांगितले, हे मला आवडले. काही गोळ्यांच्या भोकांच्या कडा मात्र धारदार निघाल्या, त्या कानशीने घासाव्या लागल्या. घासल्यानंतर तो चुरा पुसून टाकावा, हात साबणाने धुवावेत आणि घरच्या चुलीवर शिसे कधीही वितळवू नये.