साइट वर्ड्सच्या फ्लॅशकार्डांचा डबा, तीन महिने वर्गात वापरून लिहितेय

जिल्हा परिषदेची शाळा, पहिली-दुसरी एकत्र, पटावर १९ पोरं. साइट वर्ड्स म्हणजे इंग्रजीत सारखे सारखे येणारे, बघताक्षणी ओळखायचे शब्द. त्यांच्या कार्डांचा हा डबा जूनमध्ये ऑनलाइन मागवला, ४४९ रुपये, अर्थात पदरचे, बिल कुठे लावलं ते विचारू नका.

घेतला का, तर आपली पोरं मराठी वाचायला शिकतात तेव्हा क ला काना का, जसं लिहिलंय तसंच वाचायचं. तीच सवय मग इंग्रजीला लागते. सी-ओ-एम-ई समोर धरलं की अख्खा वर्ग खणखणीत आवाजात ‘कोमे’! ओ-एन-ई म्हणजे ‘ओने’, आणि सेड तर कायम ‘सैद’. यात त्यांची चूक काय सांगा, चूक असलीच तर इंग्रजीची.

डब्यात डॉल्चची यादी आहे. एडवर्ड डॉल्च या अमेरिकन प्राध्यापकाने १९३६ साली मुलांच्या वाचनात सारखे सारखे येणारे २२० शब्द काढले होते, त्यात नाम एकही नाही, नामांची ९५ शब्दांची यादी वेगळी. डबा बनवणाऱ्यांनी दोन्ही याद्या कोंबल्यात, म्हणजे ३१५ कार्डं. त्यामुळे सांताक्लॉज, रॉबिन, स्नो पण निघाले. आमच्याकडे बर्फ म्हणजे गोळेवाल्याचा, तरी चालवून घेतलं.

कार्डं जाड आहेत, एकाने कोपरा चावला तरी टिकलं. पातळीप्रमाणे रंग वेगळे हे खरंच चांगलं केलंय, पहिले ४० सोपे शब्द पटकन बाजूला काढता येतात. पण प्लॅस्टिकचं कोटिंग एवढं चकचकीत की खिडकीचा उजेड पडला की मागच्या रांगेला नुसतं पांढरं दिसतं. ए हे अक्षर पुस्तकी वळणाचं, वर छत्री असलेलं, आणि आपण फळ्यावर काढतो ते गोल, मग "बाई, हे कुठलं अक्षर?" सुरू. कार्डं ओवायची रिंग दुसऱ्या आठवड्यात तुटली, आता परकराच्या नाडीत ओवलीत.

सगळ्यात डोक्यात गेली ती चित्रं. शब्दाच्या खालीच चित्र! कमच्या खाली कुत्रा धावत येतोय, पोरं शब्दाकडे बघतायत कशाला, ‘डॉग’ म्हणून मोकळी. शेवटी रविवारी बसून चित्रांवर कागद चिकटवले.

सोबतच्या कागदावर लिहिलंय की कार्ड झटकन दाखवा, पोरं अख्खा शब्द आकारावरून लक्षात ठेवतील. नाही हो ठेवत. वॉज आणि सॉ, ऑन आणि नो यांची अशी खिचडी झाली की मी तो नादच सोडला. इन, इट, कॅन, बिग, रन हे शब्द अक्षरांच्या आवाजावरून सरळ वाचता येतात, ते पाठ कशाला करायचे, ते आधी वेगळे काढले. उरलेल्या आडमुठ्या शब्दांत जे अक्षर दगा देतं तेवढंच लाल पेनाने रंगवलं. सेडमध्ये एस आणि डी गुणी बाळं, भानगड फक्त मधल्या ए-आयची, तेवढी लाल. यानंतर ‘सैद’ बरंच कमी झालं, पूर्ण गेलं असं नाही म्हणणार.

आठवड्याला पाचच शब्द घेते. मामाचं पत्र हरवलं खेळताना रुमालाऐवजी कार्ड ठेवायचं, ज्याच्या मागे सापडेल त्याने वाचायचं आणि मगच पळायचं. व्हरांड्यात खडूने शब्द लिहून लंगडी, मी ओरडेन त्या शब्दावर उडी. मराठीसुद्धा न बोलणारी एक मुलगी लंगडीत व्हेअर ओळखते आणि वर माझ्याकडे बघून हसते, तेवढ्यासाठी ४४९ वसूल म्हणा.

एकटं मूल घरी असेल तर घेऊ नका, लग्नपत्रिकांच्या मागची कोरी बाजू आणि एक जाड मार्कर पुरे, मी पण पुढचे शब्द त्यावरच लिहितेय. वर्ग मोठा असेल आणि कार्डं कापत बसायला वेळ नसेल तर घ्या, पण चित्रं झाकायची तयारी ठेवा.

तीन स्टार. एक रिंगचा कापला, एक चित्रांचा. आणि ‘द’ (टी-एच-ई) चं कार्ड कुणीतरी घरी नेलंय, नेमकं रोज लागणारं तेच, सुटं मिळत असेल तर कळवा.