आयरा लेविन: आधी कोणती कादंबरी?

थरारक कादंबऱ्या आणि नाटकं लिहिणारा अमेरिकन लेखक आयरा लेविन याने उभ्या आयुष्यात कादंबऱ्या लिहिल्या फक्त सात, त्यामुळे कुठून सुरुवात करायची हा प्रश्न तसा फार अवघड नाही. खरी चुरस दोघींतच आहे: १९५३ची ‘अ किस बिफोर डायिंग’ आणि १९६७ची ‘रोझमेरीज बेबी’. ‘द स्टेपफर्ड वाइव्ज’ किंवा ‘द बॉइज फ्रॉम ब्राझील’ वरच्या दोघींपैकी एक आवडली की आपोआप हातात येतात. ‘डेथट्रॅप’ हे नाटक आहे. त्याचा हिशेब वेगळा, तो पुढे करू.

जाडी, भाषा, वेग यांवरून ठरवावं असं काही नाही. दोन्ही झरझर वाचून होतात. मुळातली गोष्टही जवळजवळ एकच आहे: वर चढायची घाई झालेला एक पुरुष आणि त्याच्यावर भरवसा टाकून बसलेली गरोदर बाई. पहिलीत तिचं पोट ही त्याच्या वाटेतली अडचण आहे, दुसरीत तेच त्याचं भांडवल.

‘रोझमेरीज बेबी’ची बाजू आधी मांडतो, कारण विचारलं की बहुतेक जण तीच सुचवतात. आणि ते उगाच नाही. न्यूयॉर्कमधल्या ब्रॅमफर्ड नावाच्या जुन्या, ऐसपैस इमारतीत रोझमेरी आणि गाय वुडहाउस हे तरुण जोडपं राहायला येतं. शेजारी कॅस्टेव्हेट नवराबायको, दोघंही म्हातारे, प्रेमळ आणि नको इतके चौकस. रोझमेरीला दिवस गेल्यावर त्यांतल्या मिनीबाई रोज स्वतः करून एक पेय घेऊन येतात. यात भिण्यासारखं काय आहे? पण लेविन भिववतो तो पडदे, कपाटं आणि शेजारधर्म यांतूनच. शिवाय कथेला खऱ्या तारखांची भक्कम जमीन आहे. ऑक्टोबर १९६५मध्ये पोप सहावे पॉल न्यूयॉर्कला आले होते, ती भेट कादंबरीत आहे. डॉक्टरांकडे ताटकळताना रोझमेरीच्या हाती ‘टाइम’चा एप्रिल १९६६चा अंक लागतो, देव मेला आहे का असं मुखपृष्ठावर विचारणारा. इतक्या रोजच्या, वर्तमानपत्री जगात तो अघटित घडवतो आणि आपल्याला ते पटतं.

मग अडतं कुठे? माझं अडलं ते एकाच गोष्टीवर. या कादंबरीचं गुपित आता कुणाचंच गुपित राहिलेलं नाही. माझ्या हातात पडलेल्या आवृत्तीला कुणीतरी अभ्यासपूर्ण प्रस्तावना लिहिली होती आणि त्या अभ्यासाच्या भरात शेवट सांगून टाकला होता. प्रस्तावना नसती तरी मलपृष्ठाने, नाहीतर एखाद्या चित्रपटवेड्या मित्राने ते काम केलंच असतं. संपूर्ण कादंबरी एका प्रश्नावर उभी आहे: रोझमेरीला जो संशय येतोय तो खरा, की ती गरोदरपणातली धास्ती? उत्तर आधीच खिशात असेल तर आपण पुढच्या स्टॉपवर उतरून तिच्या बसची वाट बघत बसतो. ती स्क्रॅबलची अक्षरं मांडून एका नावाची उकल करते, तो प्रसंग वाचकाने तिच्या जोडीने सोडवावा म्हणून रचलेला आहे. मी मात्र मनात ‘अगं, झालं, ऊठ आता’ म्हणत होतो. चांगल्या प्रसंगाच्या वाट्याला असा वाचक यावा याचा मला आजही राग आहे.

काही जण म्हणतात, शेवट माहीत असला की शेजाऱ्यांचा प्रत्येक गोडवा जास्तच भेसूर लागतो. त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण ती मजा दुसऱ्या वाचनाची. मला पहिलं वाचन मिळालंच नाही. त्यातून रोमन पोलान्स्कीचा १९६८चा चित्रपट पाहिला असेल तर प्रश्नच मिटला, कारण तो कादंबरीशी इतका इमानदार आहे की संवादही पुष्कळसे तिच्यातलेच आहेत. (१९९७चा ‘सन ऑफ रोझमेरी’ हा पुढचा भाग मात्र कुणीही वाचू नये असं माझं मत. त्याच्या शेवटाने आधीच्या पुस्तकावरही पाणी पडतं.)

‘अ किस बिफोर डायिंग’बद्दल नेमकी उलटी तक्रार ऐकू येते: ‘बाजीगर’ पाहिलाय, आता त्यात काय वाचायचं? १९९३चा तो चित्रपट याच कथेवर बेतलेला आहे, गच्चीवरच्या त्या प्रसंगासकट. पण पडद्यावर शाहरुखचा चेहरा पहिल्यापासून दिसतो. लेविन पहिल्या भागात खुन्याचं नावच सांगत नाही. आपण सतत त्याच्या डोक्यात असतो. प्रेयसीच्या बापाच्या तांब्याच्या कंपनीची माहितीपत्रकं तो कशी जपून ठेवतो, गोळ्या कुठून पैदा करतो, त्याला घाम कधी फुटतो, सगळं कळतं. तो कोण, एवढंच कळत नाही. दुसऱ्या भागात, त्याने मारलेल्या त्या प्रेयसीची बहीण एलेन शोध घ्यायला त्याच कॉलेजच्या गावी येते. समोर येणाऱ्या तरुणांपैकी तो कोणता, हे तिच्याइतकंच आपल्यालाही ठाऊक नसतं. ज्याच्या मनातलं सगळं आपण वाचलं, तोच पुढ्यात उभा असेल तरी ओळखू येत नाही. कॅमेऱ्याला हे कसं जमणार? हॉलिवूडने १९५६ आणि १९९१ अशा दोन खेपा करून पाहिल्या, तिथेही खुन्याचा चेहरा लपलेला नाही.

आणखी एक. ‘बाजीगर’मध्ये आईवडिलांचा सूड आहे, त्यामुळे नायकाला थोडी माफी मिळते. कादंबरीत सूडबीड काही नाही, नुसता पैसा. हे लिहिताना लेविन चोविशीच्या आतबाहेर होता आणि पहिल्या कादंबरीसाठीचा एडगर हा रहस्यकथांचा पुरस्कार त्याला मिळाला. तिसरा भाग जरा रेंगाळतो हे कबूल, आणि तिन्ही बहिणी बापाच्या सावलीतून पुरत्या बाहेर येत नाहीत.

या दोन कादंबऱ्यांमध्ये चौदा वर्षं गेली, ती मुख्यतः रंगभूमीवर. ‘नो टाइम फॉर सार्जंट्स’ १९५५मध्ये धो-धो चाललं, तर १९६५चं संगीतिका-प्रकरण ‘ड्रॅट! द कॅट!’ आठ प्रयोगांत आटोपलं. त्यानंतर दोनच वर्षांनी ‘रोझमेरी’ आली आणि तिच्यातला नवरा कोण, तर भूमिकेसाठी काहीही करायला तयार असलेला नट. हा योगायोग असेलही. १९७८च्या ‘डेथट्रॅप’चा नायकही बरीच वर्षं एकही यशस्वी नाटक न दिलेला लेखक, आणि त्याला टपालाने एका शिष्याची उत्तम संहिता येते. एक सेट, पाच पात्रं, ब्रॉडवेवर १७९३ प्रयोग. पण हे नाटक वाचून सुरुवात करू नका. यातले धक्के डोळ्यांनी बसायचे आहेत, आणि संहितेत ते रंगसूचना आधीच थंडपणे सांगून मोकळ्या होतात. कुठे प्रयोग मिळाला तर बघा, नाहीतर सिडनी ल्युमेटचा १९८२चा चित्रपट आहे.

तेव्हा माझं विचाराल तर आधी ‘अ किस बिफोर डायिंग’. अपवाद एकच. ‘रोझमेरीज बेबी’चं गुपित तुमच्यापर्यंत खरोखरच पोहोचलं नसेल, तर वरचं सगळं बाजूला ठेवा आणि प्रस्तावना न उघडता, पुस्तक उलटं न करता तीच या आठवड्यात वाचून टाका. दुसरी थांबू शकते. तिचा खुनी फोडायचा तर फोडणाऱ्याला निदान त्याचं नाव आठवावं लागेल.